विक्री मंदावली, तरी टॅबलेट घ्यावा का?

प्रश्न : टॅबलेटची विक्री पूर्वीसारखी वाढत नाही, असे वाचनात येते. मोठ्या पडद्याचा फोन आणि लॅपटॉप हाताशी असताना टॅबलेटचा काही उपयोग उरला आहे का?

उत्तर : उरला आहे. विक्री मंदावली म्हणजे उपयोग संपला, असा अर्थ काढू नये. २०१० मध्ये ॲपलचा आयपॅड आला, तेव्हा बहुतेक फोनचे पडदे चार इंचांहून लहान होते. पुढे ते सहा इंचांच्या पलीकडे गेले आणि लहान टॅबलेटची गरज फोननेच भागवली. शिवाय टॅबलेट बहुधा घरातच राहत असल्याने फोनइतका झिजत नाही, आणि चार-पाच वर्षे नीट चालणारी वस्तू लोक दरवर्षी बदलत नाहीत. त्यामुळे विक्री घटली तरी वापर त्याच प्रमाणात घटतो असे नाही.

पूर्ण पानाची पीडीएफ वाचणे, संगीताचे नोटेशन समोर ठेवून वाजवणे, पेनने चित्र काढणे किंवा गणिते सोडवणे, यांसाठी माझ्या मते टॅबलेटइतके सोयीचे दुसरे साधन नाही. अक्षर मोठे करून वाचणाऱ्या ज्येष्ठांना तर मी तो आग्रहाने सुचवेन. दीर्घ लेखन हेच रोजचे काम असेल, तर मात्र लॅपटॉप घ्यावा, कारण कीबोर्ड आणि पेन वेगळे घेतल्यावर टॅबलेटचा खर्च अनेकदा लॅपटॉपच्या जवळ जातो. खरेदीपूर्वी सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार आहेत, हे अवश्य विचारावे. ते थांबले की यंत्र धडधाकट असूनही हळूहळू काही ॲप त्यावर चालेनाशी होतात.