भाडेकरू म्हणतो "मीच करून घेतो" – घरमालकांचे प्रश्न

घरमालकांकडून प्रश्न तेच तेच येतायत आणि गोंधळही तोच. भाडेकरूला घरात काहीतरी करायचं असतं, मालक फोनवर "बघू" म्हणतो, भाडेकरू त्याचा अर्थ "हो" असा घेतो आणि भांडण निघतं थेट घर सोडायच्या दिवशी. कायदा जागोजागी वेगळा असतो, तेव्हा आपलं ॲग्रीमेंट शेजारी ठेवूनच वाचा.

प्रश्न: भाडेकरू स्वतःच्या खर्चाने रंग लावायचा म्हणतोय. हो म्हणू का?

म्हणा. फक्त शेड आधी बघा, आणि जाताना तसाच ठेवायचा की परत पहिल्यासारखा करून द्यायचा ते मेसेजवर लिहून घ्या. भिंतीला ओल असेल तर मात्र आधी ओलीचं कारण शोधा, नाहीतर नवीन रंगाचे पापुद्रे सुटतात आणि मग दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

प्रश्न: टीव्ही आणि शेल्फसाठी भिंतीला ड्रिल मारू द्यावं का?

साध्या भिंतीत चालेल. कॉलम-बीमला हात नाही, आणि नळ किंवा स्विचबोर्डच्या सरळ वर-खालीही नाही, तिथून पाइप आणि वायरी गेलेल्या असतात.

प्रश्न: सिंकखालचा पाइप गळत होता. भाडेकरूने मला न सांगता प्लंबर बोलावला आणि पैसे भाड्यातून कापले. हे चालतं का?

तुमच्याच मेलमध्ये पुढे लिहिलंय की त्याने त्याआधी दोनदा मेसेज केला होता आणि तुम्ही गडबडीत होतात. मग "न सांगता" कसं म्हणायचं? पाणी गळणं, करंट लागणं, गॅसचा वास, दाराचं कुलूप न लागणं ही कामं थांबत नाहीत, त्यांना त्याच दिवशी उत्तर द्यायलाच पाहिजे, मग ते "आपला प्लंबर पाठवतो" असो किंवा "तुम्ही करून घ्या, बिल आणि फोटो पाठवा" असो. भाड्यातून परस्पर पैसे कापायचा हक्क भाडेकरूला आहे की नाही हे ॲग्रीमेंट आणि तिथला कायदा ठरवतो, ते वकिलाला विचारा. पण तुमची केस मला फारशी भक्कम वाटत नाही.

प्रश्न: भाडेकरू जुन्या बाथरूमच्या टाईल्सवरच नवीन टाईल्स बसवून देतो म्हणतोय, खर्च सगळा त्याचा, तोडफोड नाही. फुकटात बाथरूम नवीन होतंय, मग नाही का म्हणू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होतो, म्हणून जरा सविस्तर.

पाणी टाईल अडवत नाही. टाईलच्या सांध्यांतून, फरशीवरचं पाणी जिथून वाहून जातं त्या नहाणी ट्रॅपच्या कडेने थोडं पाणी खाली झिरपतच असतं, ते अडवायचं काम टाईलच्या खालचा वॉटरप्रूफिंगचा थर करतो. तो थर फाटला असेल तर वर कितीही महाग टाईल लावा, पाणी खालच्या स्लॅबमध्ये जाणारच. वरून टाईल आणि ॲडहेसिव्ह मिळून फरशी साधारण १२ ते १५ मिलीमीटर वर येते, म्हणजे दाराचा उंबरठा बुडतो, ट्रॅपची जाळी खड्ड्यात जाते, आणि मिस्त्रीने उतार नीट काढला नाही तर पाणी कोपऱ्यात तुंबून राहतं. मग कमोड परत बसवताना स्क्रूसाठी नवीन भोकं पाडतात आणि ती कधीकधी थेट वॉटरप्रूफिंगमधून आरपार जातात!

आणि हे सगळं दिसतं कधी? लगेच दिसत नाहीच. काही महिन्यांनी खालच्यांच्या सीलिंगला पिवळा डाग पडतो, प्लास्टर फुगतं, आतल्या सळ्या गंजायला लागतात. तोपर्यंत भाडेकरू डिपॉझिट घेऊन गेलेला असतो आणि खालचे लोक तुमच्या दारात उभे असतात.

"तोडफोड न करता लीकेज कायमचं बंद" अशा जाहिराती करणाऱ्यांपासून तर लांबच राहा. सांध्यांत भरायचं ग्राऊट चांगलं असतं, उघडलेल्या सांध्यासाठी ते वापरावंही, पण फाटलेला थर वरून केमिकल ओतून जोडला जात नाही. गॅरंटी कार्डवरचा फोन वर्षभराने कोण उचलतो तेही बघा.

करायचंच असेल तर आधी पाँडिंग टेस्ट घ्या. ट्रॅप बंद करून फरशीवर पाणी भरून निदान २४ तास ठेवायचं, पातळीवर खूण करायची आणि खालच्यांचं सीलिंग तपासायचं. तिथे ओल आली तर टाईलचा विषय बंद, मुळापासून वॉटरप्रूफिंग करायचं, आणि ते तुमच्या खर्चाने, कारण घर तुमचं आहे. टेस्ट पास झाली तरी वॉटरप्रूफिंग करणाऱ्या जाणकाराला एकदा प्रत्यक्ष दाखवाच, फोटो बघून कोणी सांगितलेलं धरू नका.

प्रश्न: भाडेकरूचा भाऊ वायरिंगचं काम करतो, तो गीझरचा पॉइंट काढून देतो म्हणतोय.

लायसन्स असलेला इलेक्ट्रिशियनच पाहिजे, भाऊ असो की कोणीही. ३ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढतो, तो लाईटच्या वायरीवरून काढला तर वायर तापते. वेगळी लाईन, नीट अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन लगेच बंद करणारा स्विच) आहे का ते त्याच्याकडून तपासून घ्या.

प्रश्न: "४ इंची भिंत म्हणजे पार्टिशन, पाडली तरी चालते" असं कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. भाडेकरूला दोन खोल्यांचा हॉल करायचाय.

नाही. भिंतीच्या जाडीवरून असं ठरत नाही, लोड बेअरिंग बांधकामात, म्हणजे जिथे भिंतीच इमारतीचं वजन पेलतात तिथे, तर अजिबातच नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी रिपोर्ट आणि लागतील त्या परवानग्या येईपर्यंत हातोडा लागू देऊ नका. आणि रिपोर्ट आला तरी भाड्याच्या घरात मी ही परवानगी देणार नाही.

प्रश्न: भाडेकरूने किचनमध्ये कपाटं करून घेतली, आता जाताना पैसे मागतोय.

परवानगी देताना काय लिहिलं होतं? काहीच नाही, असं तुम्हीच म्हणताय. मग आता बसून बोला, कपाटं काढून भिंत पूर्ववत करून द्यायची की काही रक्कम देऊन ठेवून घ्यायची. एकमत झालं नाही तर डिपॉझिट अडकवून ठेवण्याआधी वकिलाशी बोला. पुढच्या भाडेकरूच्या वेळी मात्र काम सुरू व्हायच्या आधी चार ओळी लिहून घ्या: काय करणार, कोण करणार, खर्च कोणाचा, जाताना वस्तू कोणाची. सोबत आधीचे आणि नंतरचे फोटो, आणि दोघांच्या सह्या.