हॉटेल पट्टायातलं, तक्रार मात्र नाशिकमध्येच

सिडकोतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. गंगापूर रोडवरच्या एका टूरवाल्याकडून सहा जणांचं बँकॉक-पट्टाया पॅकेज घेतलं, ३ लाख ६० हजार भरले, कागदावर फोर स्टार, बीचजवळ, स्विमिंग पूल असं सगळं, आणि तिथे गेल्यावर गल्लीतलं जुनाट हॉटेल, पूलला कुलूप, एसीचं पाणी सासूबाईंच्या अंथरुणावर, शेवटी दोन रात्री पदरचे पैसे घालून दुसरीकडे राहिले. आता टूरवाला म्हणतो हॉटेल काय आमचं नाही, भांडायचं तर तिकडे भांडा.

ताई, तिकडचं डोक्यातून काढा. पैसे त्याने घेतले, पावती त्याची, हॉटेल त्याने ठरवलं, म्हणजे सेवेत कमतरता आली तर पहिला जाब त्यालाच विचारायचा. 'आम्ही नुसते एजंट' हे तो म्हणणारच, नुसती रूम बुक करून दिली असती तर त्यात थोडा तरी दम होता, अख्खं पॅकेज विकल्यावर ते टिकवणं अवघड जातं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे नाशिकलाच, पावतीच्या मागे बारीक अक्षरात 'मुंबई ज्युरिस्डिक्शन', म्हणजे वाद मुंबईतच चालेल, असं छापलेलं असलं तरी.

खरी अडचण दुसरीच आहे. आयटिनररीत हॉटेलच्या नावापुढे 'ऑर सिमिलर' लिहिलंय का ते आधी बघा, बहुतेक असतंच. त्याचा अर्थ त्याच दर्जाचं दुसरं हॉटेल, वाटेल ते हॉटेल नाही. आणि तुम्ही लिहिलंय की निघताना गाइडने फीडबॅक फॉर्मवर 'एक्सलंट'ला टिक करून सही घेतली. ही सही टूरवाला पहिल्याच तारखेला काढणार. म्हणून त्याच रात्री टूर मॅनेजरला व्हॉट्सअॅपवर पाठवलेले गळक्या एसीचे फोटो, त्याचं 'मॅडम सकाळी बघतो', आणि दुसऱ्या हॉटेलचं बिल हे तुमचं सोनं आहे, चॅट डिलीट करू नका, मोबाइलही बदलू नका एवढ्यात. चॅटच्या प्रिंटसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट लागतं, ते तक्रारीबरोबरच लावा.

आधी स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, पंधरा दिवस द्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा, बरेचसे टूरवाले तिथेच नरमतात. नाहीच ऐकलं तर ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार टाका, भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत आहे म्हणून फी शून्य, वकीलही सक्तीचा नाही (वकील असून हे मीच सांगतोय!). मुदत दोन वर्षं.

मागणी मात्र बेतानं करा. दहा लाख मनस्तापाचे वगैरे लिहू नका, उगाच तक्रारीचं वजन जातं. दोन रात्रींचं बिल, हॉटेलच्या दर्जातला फरक, सासूबाईंचा त्रास धरून माफक भरपाई आणि खर्च, बास. आणि पॅकेजवर टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने पैसे घेतानाच वसूल केलेला इन्कम टॅक्स, कापलाय का ते बघा, तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये मिळतो, त्यासाठी टूरवाल्याशी भांडायची गरज नाही.