दहा जणींचे चौकोन, एक गोधडी

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही इंदिरानगरच्या अकरा मैत्रिणी दर बुधवारी कुणाच्या तरी घरी जमून गोधड्या शिवतो. आमच्यातल्या एक काकू दिवाळीनंतर कायमच्या मुलाकडे पुण्याला चालल्यात, म्हणून त्यांना पत्ता न लागू देता बाकी दहा जणींनी प्रत्येकी दोन असे वीस चौकोन केले. माप बारा इंच ठरलेलं, पण मांडून बघितलं तर कुणाचा साडेअकरा, कुणाचा सव्वाबारा. शिवाय एका मावशींचा हात हल्ली थरथरतो, त्यांचे टाके लांब आणि वाकडे आलेत. दोघी म्हणतात गुपचूप उसवून नीट घालू, मला ते पटत नाहीये. आणि एक लाल कापड रंग सोडेल अशी भीती वाटते. काय करू?

उत्तर : ताई, मावशींचा टाका उसवू नका, अजिबात नाही, आणि त्या दोघींनाही प्रेमाने पण स्पष्ट सांगा. आमच्या पंचवटीच्या घरी आजीची एक गोधडी होती, ती आजी, काकू आणि शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई अशा तिघींनी मिळून घातलेली. काकूचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे आणि शेजारच्या आजींचे चांगले बोटाच्या पेराएवढे, अंधारात नुसतं बोट फिरवलं तरी कळायचं की आता कुणाच्या हाताचा भाग आला. घटस्थापनेच्या आधी दर वर्षी ती गोदेवर धुवायला जायची, पिळायला दोघी लागायच्या. तुमच्या काकूही पुण्यात अशाच बोट फिरवून मावशींना शोधतील, तो टाकाच काढून टाकला तर काय शोधणार?

लांब टाक्यात पायाचं बोट अडकतं हे मात्र खरंय. त्यावर उपाय असा की सगळे थर एकत्र घालताना मावशींच्या चौकोनावर धावदोऱ्याच्या ओळी जरा जवळ जवळ घ्या, त्यांच्या टाक्यांवरून आडव्या जाऊ द्या, म्हणजे ते आपोआप दाबून बसतात.

आता माप. मोठे चौकोन कापून लहानाएवढे करायचा मोह होईल, तो टाळा, कडेची नक्षी जाते. उलट प्रत्येक चौकोनाला चारही बाजूंनी एकाच रंगाची 2 इंच रुंद पट्टी लावा, शिलाई पाव इंच धरा. साडेअकराचा चौकोन होतो साडेचौदा आणि सव्वाबाराचा सव्वापंधरा, मग सगळे बरोब्बर 14 इंचावर कापा, चौकोन मधोमध ठेवून. कुठे पट्टी थोडी जाड दिसेल कुठे बारीक, पण जोड जुळतात आणि कुणाच्या कामाला कात्री लागत नाही. चार बाय पाच मांडले की शिलाई जाऊन 54 बाय साडेसदुसष्ट इंच भरतं, एका माणसाला पांघरायला पुरतं, मोठी हवी असेल तर बाहेरून काठ लावा. पट्ट्यांना दीड मीटर लागेल, तुम्ही दोन घ्या. कापड शुद्ध सुतीच घ्या आणि आधी धुवून वाळवून मगच कापा, नाहीतर पहिल्या धुण्यात पट्टी आटते आणि चौकोन फुगून बसतो. दुकानदार सुती म्हणाला तरी घरी येऊन एक धागा जाळून बघा, सुताची कागदासारखी मऊ राख होते, पॉलिस्टर असेल तर कडक मणी तयार होतो.

लाल कापडाचं आत्ताच बघा, जोडल्यावर नाही. पांढरा रुमाल ओला करून त्यावर ठेवा आणि गरम इस्त्री दाबा. डाग आला तर तो चौकोन एकटाच थंड पाण्यात धुवा, पाणी पांढरं निघेपर्यंत, मग चार वेळा धुवावा लागला तरी चालेल. मिठाच्या पाण्यात भिजवा असं बऱ्याच जणी सांगतात, पण आधीच रंगवलेल्या कापडाचा रंग त्याने पक्का होत नाही. तरीही सोडतच राहिला तर त्या मैत्रिणीला विचारून तिच्याकडूनच दुसरा चौकोन करून घ्या.

खालच्या थराला कुणाच्या आईची जुनी सुती नऊवारी मिळाली तर फार छान. ती ताणून जमिनीवर अंथरा, वर थर टाका आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला, त्यात कंटाळा करू नका, इथे आळस केला की पुढे चुण्या पडतात. आणि शेवटचा काठ दुमडायचं काम मावशींसाठी ठेवा, दुमड हाताशी असते त्यामुळे त्यांना जमेल, हात थकला तर कुणीतरी शेजारी बसून कापड धरा.