वडिलांच्या निधनातून प्रभूने काय शिकवले, हे मला सापडत नाही. माझा विश्वास उणा आहे का?

आपण लिहिले आहे की वडील जाऊन चार महिने झाले, पुढच्या महिन्यात त्यांची स्मरण-उपासना आहे, तिथे आपण साक्ष द्यावी, म्हणजे या दुःखातला प्रभूचा अनुभव सर्वांपुढे सांगावा, अशी मंडळीची अपेक्षा आहे, आणि सांगण्यासारखे आपल्याला काहीच सुचत नाही. आपला विश्वास उणा आहे असे मला मुळीच वाटत नाही. हे मी ठामपणे म्हणते, कारण या बाबतीत मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे.

अहमदनगरला आमच्या मंडळीतल्या एका मावशींचा तरुण मुलगा वारला, तेव्हा सांत्वनाला जाऊन मी त्यांना म्हणाले होते, "प्रभूची काही योजना असेल." त्यांनी मान हलवली आणि त्या आत निघून गेल्या. पुढे तीन वर्षांनी माझा धाकटा भाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला आणि तेच वाक्य आमच्या दारात आले. कोणी म्हणाले, "प्रभूला तो हवा होता." आई एवढेच म्हणाली, "तिकडे त्याच्यावाचून काय अडलं होतं?" खोलीत कोणीही उत्तर दिले नाही. त्याच दुपारी त्या मावशी आल्या, थेट स्वयंपाकघरात गेल्या, कोणीतरी आणून ठेवलेल्या मेथीच्या दोन जुड्या त्यांनी पुढे ओढल्या आणि पान न् पान खुडून परातीत टाकत तासभर माझ्याशेजारी बसून राहिल्या. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. जाताना देठ गुंडाळलेले वर्तमानपत्र तेवढे त्यांनी कचऱ्यात टाकले.

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात मुले आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, आणि तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते. ते कारणे सांगू लागले तिथून बिघडले. पुस्तकाच्या शेवटी परमेश्वराचा राग होतो तो या कारणे सांगणाऱ्यांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. लूककृत शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे इतरांहून अधिक अपराधी होती असे समजू नका, असे येशू स्पष्ट बजावतो. ऐकणाऱ्यांना तो पश्चात्तापाकडे वळवतो, पण बुरूज का पडला हे सांगत नाही. आपल्याकडे मात्र अंत्यविधीच्या उपदेशात हे 'का' सांगण्याची फार घाई होते, आणि त्यात आम्ही सामान्य विश्वासणारे पाळकांच्याही पुढे असतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण अशा वेळी हमखास दिले जाते, आणि बहुधा चुकीच्या बाजूने दिले जाते. 1870च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, 1880मध्ये भाऊ, 1882मध्ये पती, आणि अखेरीस 1921मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली आणि विधवा आपल्या आश्रयाला आणल्या, केडगावचे मुक्ती सदन त्यांनी भरले. यावरून पहिला दुष्काळ देवाने यासाठीच पाठवला होता, असा निष्कर्ष काढणे मला क्रूर वाटते. मला त्यात एवढेच दिसते की स्वतः उपाशी राहिलेल्या बाईला उपाशी मुलीचा चेहरा लांबून ओळखू आला. मनोरमा गेल्यावरही त्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम करत राहिल्या आणि एप्रिल 1922मध्ये वारल्या.

माझ्यापुरते बोलायचे तर भावाच्या मृत्यूतून मी काही शिकले असे मला अजूनही म्हणता येत नाही. जे काही कळले ते आईच्या तव्यापाशी कळले. भाऊ गेल्यावर कित्येक आठवडे ती सवयीने त्याच्या वाटणीचेही पीठ मळायची आणि एक भाकरी उरायची. ती टाकवत नसे आणि खाववतही नसे. मग ती भाकरी शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजींकडे जाऊ लागली. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे," ही प्रार्थना मी लहानपणापासून म्हणत आले, पण तिच्यातला 'आज' हा शब्द मला त्या दिवसांत प्रथम ऐकू आला, कारण उद्याचे मागण्याचे बळ घरात कोणाकडेच नव्हते. याला धडा म्हणावे की नाही, हे मला ठरवता आलेले नाही.

आता साक्षीविषयी. चार महिने ही फार थोडी मुदत आहे, आणि नसलेला अनुभव मंडळीपुढे सांगणे ही साक्ष होत नाही, म्हणून नकार द्यायचा असेल तर निःसंकोच द्या. उभे राहायचेच असेल तर वडिलांची एखादी रोजची गोष्ट सांगा आणि बायबलमधले 13वे स्तोत्र वाचा. ते सहाच वचनांचे आहे, 'किती वेळ' असा प्रश्न त्यात चार वेळा येतो आणि शेवटी ते भरवशाकडे वळते. तेवढे वळणेही आज जमत नसेल तर 88वे स्तोत्र निवडा. ते अंधारातच संपते, तरी त्याला पवित्र शास्त्रात जागा आहे. कोणी विचारलेच की यातून काय शिकलात, तर "अजून काही नाही" एवढे म्हणून खाली बसायला हरकत नाही.