वाचकांचे प्रश्न : क्व्यातला रेड बुलने का बदललं?

प्रश्न : फॉर्म्युला वनच्या २०१५ च्या हंगामात रेड बुल संघाच्या दानिल क्व्यातचे ९५ गुण होते आणि सहकारी रिकार्डोचे ९२. मग २०१६ मध्ये चारच शर्यतींनंतर त्याची जागा का गेली?

उत्तर : निमित्त रशियातल्या सोचीच्या शर्यतीचं. पहिल्याच फेरीत, लांब सरळ पट्ट्यानंतरच्या दुसऱ्या वळणावर क्व्यात मागून सेबॅस्टियन वेटेलच्या फेरारी गाडीवर आदळला आणि तिसऱ्या वळणावर पुन्हा! पहिल्या फेरीत टाकी भरलेली, टायर-ब्रेक पुरते तापलेले नसतात. त्यात पुढच्या गाडीला चिकटून गेलं की आपल्या गाडीच्या पुढच्या पंखाला स्वच्छ हवा मिळत नाही, गाडीला ट्रॅकवर दाबून धरणारा हवेचा दाब घटतो, ब्रेक दाबताच चाकं लॉक होतात, म्हणजे फिरायची थांबून घसरतात. अशा वेळी ब्रेक लावण्याच्या नेहमीच्या खुणेच्या थोडं आधीच ब्रेक लावायला हवा. क्व्यातला पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्यांचे टायर बदलतात त्या जागी) १० सेकंद थांबण्याची शिक्षा झाली.

पण खरं कारण वेगळं : टोरो रोस्सो या रेड बुलच्याच दुसऱ्या संघात १८ वर्षांचा मॅक्स वर्स्टापेन तयार होता. स्पेनला दोघांची अदलाबदल झाली आणि वर्स्टापेनने ती शर्यतच जिंकली. आधीच्याच महिन्यात चीनमध्ये तिसऱ्या आलेल्या क्व्यातवर हा अन्यायच, असं आमचं स्पष्ट मत आहे. क्व्यातची कुवत पुढेही दिसली : २०१९ मध्ये जर्मनीतल्या पावसाळी हॉकेनहाइमला सुक्या ट्रॅकचे टायर वेळेत चढवून त्याने टोरो रोस्सोला तिसरं स्थान मिळवून दिलं.