आधी आरसी, मग छत, पडदे सगळ्यात शेवटी
वाचकांचे प्रश्न : जुनी कॅम्पर व्हॅन

प्रश्न : पुण्यात २०१६ची फोर्स ट्रॅव्हलर विकायला आहे. आत बेड, ओटा, टॉयलेट, सगळं केलेलं आहे आणि दिसायला फार सुरेख. आरसीवर मात्र अजून मिनीबस आणि १३ सीट असंच आहे. मालक म्हणतो, "सगळे असंच चालवतात." घ्यावी का? आणि बघायला जाताना काय काय तपासू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आहे त्या कागदांवर घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल करायचा तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर तशी नोंद, दोन्ही लागतं. रस्त्यात पोलिसांनी अडवलं तर दंडावर भागेल, पण अपघात झाला किंवा गाडीला आग लागली तर विमा कंपनी पहिल्यांदा आरसी आणि गाडी ताडून बघते. गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी 'वाहन' प्रणालीत खासगी कॅम्पर व्हॅनसाठी वेगळा वर्ग आहे. त्या वर्गात नोंद आणि आत आहेत तेवढ्याच सीट, हे काम मालकानं स्वतःच्या नावावर असतानाच करून द्यावं आणि उरलेली रक्कम त्यानंतर घ्यावी. "नंतर तुम्ही करून घ्या" असं ऐकू आलं तर ते काम त्याच्याच्यानं झालेलं नाही, असं समजा. गाडी पिवळ्या पाटीची असेल तर परमिट सरेंडर करणं, खासगीत बदल आणि कराचा फरक हा सगळा खर्चही भाव ठरवतानाच मोजायचा.

बाकीचे कागद नेहमीचेच. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवलेला. परराज्यातलं पासिंग असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचा, फोटोवर विसंबू नका.

आता गाडीकडे. कॅम्पर मरते ती बहुधा इंजिनामुळे नाही, छतातून उतरणाऱ्या पाण्यामुळे. एसी, व्हेंट, सोलर पॅनेलचे पाय, बाहेरच्या ताडपत्रीची पट्टी, यांतल्या प्रत्येकासाठी पत्र्याला भोक पाडलेलं असतं. पाणी त्या भोकातून शिरतं, इन्सुलेशनमधून सरकत जातं आणि भलत्याच कोपऱ्यात उतरतं. म्हणून गाद्या बाहेर काढायला लावा, वरची कपाटं उघडा आणि कोपऱ्यातल्या प्लायवर अंगठ्यानं जोर द्या. प्लाय दबला, फुगलेला वाटला किंवा लॅमिनेटखाली पोकळ आवाज आला तर आत कुजलेलं आहे. एकाच कोपऱ्यात ताजा रंग किंवा नवा वॉलपेपर असेल तर नेमका तोच कोपरा दाबून बघा. मग छतावर नळीनं वीस मिनिटं पाणी सोडा, खालच्या जोडापासून सुरू करून वर जात. आत एक माणूस टॉर्च घेऊन हवा. मालक याला तयार नसेल तर जुलैत मुसळधार पावसानंतर बघायला जा. जोडावर सिलिकॉनचे थरावर थर दिसले तर गळती झाकली आहे, बुजवलेली नाही. खरी दुरुस्ती म्हणजे ती वस्तू उचलायची, जुना सीलंट खरवडायचा, ब्यूटाइल टेप लावून पुन्हा बसवायची आणि कडेनं पॉलियुरेथेन सीलंट द्यायचा.

दुसरी गोष्ट वजन, आणि ती जवळजवळ कुणीच बघत नाही. १८ मिलिमीटरच्या आठ बाय चार फुटी प्लायचं एक शीट साधारण ३५ किलो भरतं. बारा शीट म्हणजे चारशेच्या वर. त्यात १५० लिटर पाणी, म्हणजे १५० किलो, आणि ५५-६० किलोची एक ट्युब्युलर बॅटरी. डिझेल आणि पाणी पूर्ण भरून, आत कुणीही न बसता गाडी वजनकाट्यावर घाला. आरसीवरच्या एकूण वजनातून तो आकडा वजा केला की माणसं आणि सामान यांच्यासाठी किती उरतं ते कळेल. चार माणसं आणि बॅगा यांना ३५० किलो तरी हवेत. नंतर फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन मागच्या अॅक्सलचंही वजन करा, कारण टाकी, बॅटरी आणि टॉयलेट सगळं मागेच बसवलेलं असतं. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) सरळ झाले असतील, नाहीतर नुसता एक पाटा वाढवून वेळ मारून नेलेली असेल, तर ब्रेक आणि टायर रोज जादा मार खात आहेत.

इंजिन गार असताना सेल्फ मारा. तुम्ही पोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर असेल तर इंजेक्टर किंवा एअर फिल्टर बघावा लागेल. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही तर कूलंट आत जात असण्याची शक्यता आहे. क्लचसाठी हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे, फिरतच राहिलं तर क्लच घसरतो आहे. गाडी कोकणात किंवा गोव्यात राहिलेली असेल तर रॅम्पवर चढवून चासी, पाट्यांची ब्रॅकेट आणि दारांच्या खालचा पत्रा बघा. चुंबक चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. टायरवर शेवटचे चार आकडे वाचा: ३२१९ म्हणजे २०१९चा ३२ वा आठवडा. कॅम्पर महिनोन्महिने उभी असते, त्यामुळे खाचा नव्यासारख्या आणि रबर कडक, असं नेहमी होतं. सहा वर्षांपुढचे टायर बदलायचेच असं धरून भाव करा.

प्रश्न : विकणारा म्हणतो, १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीवर एक टनाचा एसी रात्रभर चालतो. खरं आहे का?
— ठाणे

उत्तर : नाही. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास. लेड-ॲसिडमधले निम्मेच वापरायचे, म्हणजे ९००. इन्व्हर्टरची घट धरून आठशेच्या आसपास. एक टनाचा एसी चालू असताना १००० ते १२०० वॅट खेचतो, म्हणजे जेमतेम पाऊण तास. वर इतका जोराचा करंट काढला की ही बॅटरी छापलेली क्षमतासुद्धा देत नाही. रात्रभराच्या एसीला चार-पाच युनिट लागतील, म्हणजे १२.८ व्होल्टची ४०० एएच लिथियम. नाहीतर मुक्कामाच्या ठिकाणी १६ अँपिअरचा प्लग. आमचं मत विचाराल तर एसी प्लगवर ठेवा आणि बॅटरीवर २५ वॅटचा १२ व्होल्ट पंखा लावा. आठ तासांना २०० वॅट-तासांत भागतं.

बघताना बॅटरी दोन-तीन तास मोकळी ठेवून मल्टिमीटर लावा: १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ च्या खाली असेल तर निम्म्याहून जास्त रिकामी. १००० वॅटचा इन्व्हर्टर शंभर अँपिअरच्या आसपास घेतो. त्याला २५ ते ३५ चौरस मिलिमीटरची तार आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागूनच फ्यूज हवा. फ्यूज नसेल तर तो लागेपर्यंत त्या गाडीत झोपू नका. ट्युब्युलर बॅटरी चार्ज होताना हवेपेक्षा हलका हायड्रोजन सोडते. बेडखालच्या बंद खोक्यात ती ठेवलेली असेल तर बाहेर उघडणारी नळी आहे का बघा. गॅसचं उलट: एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक लागतं. घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर आत दिसला तर बाकीचं कामही त्याच बेतानं झालेलं असणार.

प्रश्न : दोघांसाठी सीएनजीवरची मारुती इको घेऊन मागे बेड केला तर?
— चिपळूण

उत्तर : पेट्रोलची शोधा. सीएनजीच्या टाकीनं मागची बरीच जागा जाते, आणि टाकीवर फळ्या ठोकून बेड केला की व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही. दर तीन वर्षांनी त्या टाकीची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) असते, तेव्हा सगळं उचकटावं लागतं. बेड स्क्रू सोडून काढता येईल असाच ठेवा आणि आरसीवरच्या सीट जागच्या जागी राहू द्या.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. फोक्सवॅगन टी-५, २ लिटर, १८० हॉर्सपॉवर, कॅम्पर केलेली, घ्यायची म्हणतो.
— नाशिक

उत्तर : १८० च्या त्या दोन टर्बोच्या इंजिनाचा (कोड सीएफसीए) एक ठरलेला आजार आहे. ईजीआर कूलरमधलं (इंजिनात परत जाणारा धूर गार करणाऱ्या भागातलं) अॅल्युमिनियम झिजून कण सिलिंडरमध्ये जातात आणि इंजिन ऑइल प्यायला लागतं. सुधारित कूलर बसवल्याची पावती नसेल तर १४० ची घ्यावी. टायमिंग बेल्टचीही पावती मागावी. सरकारी संकेतस्थळावर गाडीच्या नंबरावरून एमओटीचा (तिथल्या वार्षिक तपासणीचा) सगळा इतिहास फुकट दिसतो. त्यात गंजाबद्दलचे शेरे वर्षागणिक वाढत गेलेत का ते वाचावं. व्ही-५-सी, म्हणजे तिथली आरसी, हा मालकीचा पुरावा नाही. त्यावरच्या पत्त्यावर जाऊनच गाडी बघावी, आणि कर्जाची तपासणी वेगळी करून घ्यावी. बेड होणारी मागची सीट वापरायची असेल तर तिच्या बेल्टची खेच-चाचणी झाल्याचा कागद हवा. हे इंजिन धुराच्या जुन्या युरो ५ मानकाचं आहे, त्यामुळे लंडनमध्ये गाडी नेली की प्रदूषणाचा आकार दिवसाला साडेबारा पौंड. आणि २०१४ पासून तिथे आधीच्या मालकानं भरलेला रोड टॅक्स नव्या मालकाकडे येत नाही. चावी हातात घेतल्यावर निघायच्या आधी फोनवरूनच तो भरायचा.