'कुळथाचे' की 'कुळिथाचे'?

एका वाचकाने विचारले आहे की, पिठाच्या पाकिटांवर 'कुळीथाचे', बोलताना 'कुळथाचे' आणि व्याकरण पाहून लिहिणाऱ्यांकडे 'कुळिथाचे' असे तीन प्रकार आढळतात, तर त्यांपैकी शुद्ध कोणता.

'कुळीथाचे' बाजूला ठेवावे, कारण 'वकील–वकिलाचे' याप्रमाणे उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षरातला) दीर्घ 'ई' सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना होणाऱ्या रूपात, दीर्घ राहत नाही. खरा पेच उरलेल्या दोन रूपांत आहे. तीन अक्षरी शब्दाचे पहिले अक्षर दीर्घ असेल, तर मधल्या ई-ऊच्या जागी 'अ' येतो (बेरीज–बेरजेचे, लाकूड–लाकडाचे), असे लेखननियम सांगतात. 'कुळीथ' या शब्दातला 'कु' ऱ्हस्व असल्याने नियमाच्या अक्षराला धरून 'कुळिथाचे' हेच रूप निघते. मात्र पहिले अक्षर ऱ्हस्व असूनही आपण 'कणकेचा गोळा' आणि 'हरणांचा कळप' म्हणतोच. मराठीच्या जिभेला तो 'अ' सवयीचा आहे.

शिवाय मूळ संस्कृत शब्द 'कुलत्थ' असा असून त्यात 'ई' नाहीच. हा शब्द इतका जुना आहे की पाणिनीने (४.४.४) त्याचा स्वतंत्र उल्लेख करून कुलत्थाने संस्कारलेल्या पदार्थासाठी 'कौलत्थ' हे रूप सिद्ध केले आहे, म्हणजे कुळथाच्या पदार्थाला काय म्हणावे, हा प्रश्न व्याकरणात आजचा नव्हे. हिंदीतल्या 'कुलथी' आणि गुजरातीतल्या 'कळथी' या शब्दांतही 'ई' शेवटी आहे, मध्ये नाही. मधला 'ई' मराठीत आला तो प्रत्यय न लागलेल्या 'कुळीथ' या रूपात. 'कुळथाचे' म्हणताना तो गळतो आणि 'कुलत्थ'मधला 'अ' जागेवर दिसतो. म्हणून कोकणातल्या स्वयंपाकघरात ऐकू येणारी 'कुळथाची पिठी' मला नुसती खपवून घेण्याजोगी नव्हे, तर अधिक अस्सल वाटते. 'कुळिथाची' लिहिणाऱ्याला मी चुकीचे म्हणणार नाही, इतकेच.

देशावर याच कडधान्याला 'हुलगा' म्हणतात. कानडीतल्या 'हुरळी'शी त्याचे साम्य लक्षात येण्यासारखे आहे आणि 'कुळीथ' या शब्दापासून तो आला असे निव्वळ अर्थ एक म्हणून मानू नये. शेंगोळे आणि माडगे हुलग्याचे, बैलांपुढे येणारे भुसकटही हुलग्याचेच. शब्द आकारान्त असल्याने तिथे सामान्यरूपाचा वाद उद्भवत नाही.